व्हायरस गेला पण टास्क मॅनेजर उघडत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मागच्या महिन्यात मामेभावाचा पीसी माझ्याकडे आला, अँटीव्हायरसने व्हायरस काढला होता पण टास्क मॅनेजर (चालू असलेले प्रोग्रॅम दाखवणारी आणि बंद करू देणारी खिडकी) उघडायला गेलं की ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलंय असा मेसेज यायचा, रजिस्ट्रीचंही (विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात ती जागा) तेच, आणि रिपेअरवाला म्हणे फॉरमॅटच मारावं लागेल. तसं नाहीये. अँटीव्हायरस व्हायरसची फाईल उडवतो, पण त्याने बदललेली सेटिंग बऱ्याचदा तशीच राहतात, ती आपल्यालाच जागेवर आणावी लागतात.

आधी तो खरंच गेलाय का बघा, नाहीतर तुम्ही नीट करणार आणि तो परत बिघडवणार. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचा (विंडोजचाच अँटीव्हायरस) ऑफलाईन स्कॅन लावा. काम सेव्ह करून ठेवा कारण पीसी रिस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात.

आता टास्क मॅनेजर. विंडोज प्रो असेल तर विंडोज बटण आणि आर दाबून जीपीएडिट डॉट एमएससी (gpedit.msc) टाका. युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, मग कंट्रोल ऑल्ट डिलीट ऑप्शन्स, तिथे रिमूव्ह टास्क मॅनेजर हे नॉट कॉन्फिगर्ड करायचं. गंमत अशी की ते बऱ्याचदा आधीच नॉट कॉन्फिगर्ड दिसतं, कारण व्हायरसने थेट रजिस्ट्रीत हात घातलेला असतो, अशा वेळी एकदा एनेबल्ड करून अप्लाय मारा आणि मग परत नॉट कॉन्फिगर्ड करा. रजिस्ट्रीचं सेटिंग तिथेच सिस्टमखाली आहे, तेही असंच. विंडोज होममध्ये हे जीपीएडिट नसतं, तिथे नवीन ॲडमिन अकाउंट काढून बघा, ही बंदी बहुतेक वेळा एकाच युजरपुरती असते, नव्यात सगळं उघडलं तर आपला डेटा तिकडे हलवा, झालं काम.

नेट चालतंय पण अँटीव्हायरसची साईटच उघडत नाही? सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधून फिरवणारं सेटिंग) बघा, तुम्ही लावलेला नसेल तर बंद करा. मग नोटपॅड रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमधली होस्ट्स फाईल (कुठली साईट कुठल्या पत्त्यावर आहे हे पीसीला सांगणारी) उघडा, ऑल फाईल्स निवडल्याशिवाय ती दिसणार नाही. विंडोज १० किंवा ११ मध्ये मुळात तिथल्या सगळ्या ओळी हॅशने सुरू होतात. बिना हॅशच्या ओळीत अँटीव्हायरस कंपनीचं नाव दिसलं की ती ओळ उडवा.

पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर त्यावर अजिबात क्लिक करू नका, आणि घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नका!! फाईली आतच असतात, फक्त लपवलेल्या. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पेनड्राइव्हचं अक्षर एफ असेल तर एफ आणि कोलन टाकून एंटर, मग अॅट्रिब (attrib), मायनस एच, मायनस आर, मायनस एस, स्टार डॉट स्टार, स्लॅश एस, स्लॅश डी, प्रत्येकाच्या मध्ये एक स्पेस द्यायची, एंटर. मामेभावाच्या पेनड्राइव्हमध्ये यानंतर एक बिननावाचा फोल्डर वर आला, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा, आणि त्यात त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचे सगळे फोटो जसेच्या तसे, बघून मामीला इतकं हायसं वाटलं!

एक मात्र लक्षात घ्या, रॅन्समवेअरने फाईली लॉक केल्या असतील तर यातलं काहीच कामाचं नाही. आणि ज्या पीसीवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मीसुद्धा डेटाचा बॅकअप घेऊन सरळ फॉरमॅटच मारेन, आणि पासवर्ड लगेच दुसऱ्या मोबाईलवरून बदलेन.