बाथरूममागच्या भिंतीची ओल

बेडरूमच्या भिंतीला खालून फूटभर पोपडे धरले होते. पलीकडे बाथरूम. जो तो म्हणे, टाइल्स फोडाव्या लागतील. आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहिलं. काटा हलला नाही, म्हणजे नळाचे पाइप ठीक. मग नहाणीच्या जाळीत कापड कोंबून फरशीवर पाणी साठवलं. संध्याकाळपर्यंत ओलीचा डाग गडद झाला. पाणी टाइल्सच्या सांध्यांतून मुरत होतं.

हॅकसॉच्या जुन्या पात्याने सांध्यांतलं पांढरं सिमेंट खरवडलं. काम कंटाळवाणं, पण सगळी मदार त्यावरच. दोन-तीन मिलिमीटर खोल गेल्याशिवाय नवा माल धरत नाही. सांधे खडखडीत वाळल्यावर इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, भरलं. महाग आहे, पण पाणी जवळजवळ शोषत नाही. थोडं थोडंच कालवा, लवकर घट्ट होतं. टाइलवर लागलेलं ओल्या स्पंजने लगेच पुसा, नंतर निघता निघत नाही. 24 तास बाथरूम बंद.

बेडरूमकडचा रंग गिलाव्यापर्यंत खरवडून पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडले. धुऊ नका, ते परत आत मुरतात. घाई तर मुळीच नको. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. आतून दव धरलं नाही, तरच पुट्टी लावा.