हलकी रायफल, जड लाथ : या चुका टाळा

ऑगस्ट लागला की आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नवे चेहरे दिसायला लागतात. कोलोरॅडोत एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, रायफलचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो आणि त्याआधी दोन महिने सगळ्यांना एकदम आठवतं, की आपण रायफल घेऊन ठेवलीय. मी शनिवारी तिथे रेंज ऑफिसर असतो, बिनपगारी. अलीकडे या नव्या चेहऱ्यांत आपली मराठी मंडळीही असतात, याचा आनंदच आहे. पण चुका त्याच, आणि तेच तेच सांगून माझा घसा बसतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भारतात शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, तेव्हा हे सगळं अमेरिकेतल्यांसाठी. त्यातही जे एच-वन-बी व्हिसावर आहेत त्यांनी आधी शिकारीचा परवाना काढावा, मग बंदुकीला हात लावावा. क्रम उलटा झाला तर तो फेडरल गुन्हा होतो. परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. १ जानेवारी १९४९ च्या आधी जन्मला असाल तर त्यातून सूट आहे, पण मग तुम्हाला माझ्या सल्ल्याचीही गरज नसावी.

सगळ्यात हलकी रायफल आणि सगळ्यात दांडगं काडतूस, एकाच बिलावर

मोह का होतो ते मला कळतं. डेन्व्हरच जवळजवळ कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर वसलंय. एल्क शोधायचा तर बरेचदा त्याच्या दुप्पट उंचीवर जावं लागतं. तिथे धाप लागलेली असताना खांद्यावरचा एकेक पाउंड जाणवतो. म्हणून माणूस कार्बन फायबरचा दस्ता, बारीक नळी असली सहा पाउंडांच्या आतली रायफल घेतो. इथवर ठीक. मग काउंटरवरचा माणूस विचारतो, कुठल्या काडतुसात हवी? आणि आमचा गडी छाती फुगवून म्हणतो, ‘३०० विन मॅग.’ म्हणजे ३०० विंचेस्टर मॅग्नम, जास्त दारूचं दांडगं काडतूस.

हिशेब करून बघा. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं आणि दारूचं वजन मोजायचं छोटं माप) गोळी सेकंदाला साधारण २,९५० फूट वेगाने सुटते. तिच्यामागे सत्तरेक ग्रेन दारू जळते आणि तिचा वायू गोळीहूनही जोरात नळीबाहेर पडतो. या दोघांना मिळून पुढे जेवढा रेटा मिळतो, तेवढाच रायफलला मागे मिळतो. हीच तिची लाथ. तो काही कमी होत नाही. रायफल स्कोपसकट (स्कोप म्हणजे वरची नेम धरायची दुर्बीण) साडेआठ पाउंडांची असेल तर खांद्यावर २६ फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा येते. साडेसहाची असेल तर ३४. शिवाय रायफल मागे येते तो वेग सेकंदाला १४ फुटांवरून १८ वर जातो, आणि माझ्या अनुभवात माणूस घाबरतो तो या वेगाला. तुलनेला सांगतो : आठ पाउंडांची, ३०८ काडतुसाची रायफल सोळा-सतरा फूट-पाउंडांवर थांबते, ३०-०६ काडतुसाची वीस-बावीसच्या घरात. वीसच्या पुढे गेलं की बहुतेकांचा नेम बिघडतो. कबूल कोणी करत नाही.

आणि एवढं काडतूस लागतं कशाला? कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान पॉइंट टू फोर कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात), ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड एवढंच मागतो. कारामोजो बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने शेकडो हत्ती मारले. ते चांगलं केलं असं म्हणत नाही. पण एल्क हत्तीपेक्षा लहान असतो, एवढं ध्यानात घ्या.

‘काका, स्कोप खराब आहे’

ही माझी आवडती चूक, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

मागच्या ऑगस्टमध्ये एक मुलगा आला. तिशीचा, सॉफ्टवेअरवाला, मूळचा नाशिकचा. कोरी करकरीत रायफल, अर्थातच ३०० विन मॅग, आणि अंगात पातळ टी-शर्ट. वीस गोळ्यांचा डबा त्याने तासाभरात संपवला. पहिल्या तीन गोळ्या कागदावर छोट्याशा जागेत होत्या. नंतर त्या खाली आणि डावीकडे सरकत गेल्या. शेवटच्या पाचांतल्या दोन कागदावरच नव्हत्या.

“काका, स्कोप खराब आहे,” तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो नवा स्कोप घेऊन आला. तीच गत. त्याच्या पुढच्या शनिवारी काडतुसांचा ब्रँड बदलून आला. तीच गत. तोवर खांद्यावर जांभळाएवढे दोन डाग पडले होते आणि ते तो मला अभिमानाने दाखवत होता.

मी म्हटलं, “आता काडतूस मी भरतो. तू फक्त नेम धर आणि ट्रिगर ओढ.”

पहिलं खरं भरलं. दुसऱ्या वेळी त्याला न सांगता डमी घातलं, दारू नसलेलं. त्याने नेम धरला, श्वास सोडला, ट्रिगर ओढला. टक् एवढाच आवाज झाला. पण नळीचं टोक चांगलं तीन इंच खाली गेलं, उजवा खांदा पुढे झेपावला आणि डोळे गच्च मिटले. शेजारच्या बाकावरचे आजोबा खोकल्याचं निमित्त करून हसले. पोरगं लालेलाल झालं. नंतर पाच मिनिटं रायफलकडे बघत नुसता बसून राहिला.

याला इंग्रजीत फ्लिंच म्हणतात, मी दचक म्हणतो. लाथ बसायच्या आधीच अंग तिला उत्तर देतं. खऱ्या काडतुसाच्या धडाक्यात ही दचक लपते, म्हणून माणसाला वाटतं दोष लोखंडाचा आहे. डमी ती उघडी पाडतं. आणि मनात ठरवून ती जात नाही, कारण ती मनात नसतेच, खांद्यात असते.

माझा उपाय जुनाट आहे. महिनाभर ती रायफल कपाटात कुलपात, हातात पॉइंट टू टू, जवळजवळ लाथ नसलेली छोटी रायफल. रोज घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) दोनदा तपासून, भिंतीवरच्या टिकलीवर वीस वेळा कोरा ट्रिगर. मग रेंजवर खरं-डमी-खरं-डमी, भरणारा दुसराच कोणीतरी. सहा आठवडे गेले. त्याला शॉर्टकट हवा होता, यूट्यूबवर कोणीतरी ‘एका दिवसात फ्लिंच घालवा’ सांगितलं होतं म्हणे. एका दिवसात लागते खरी. जायला वेळ लागतो.

कपाळावरची चंद्रकोर

इथे हसायचं असेल तर मला हसा. माझ्या उजव्या भुवईवर एक अर्धगोल व्रण आहे. बायको त्याला चंद्रकोर म्हणते.

नोव्हेंबर होता, गुडघाभर बर्फ. मी उतारावर पालथा पडलो होतो, डोकं चढाच्या दिशेला. वर दोनशे यार्डांवर एल्कची मादी उभी. चढावर पालथं पडून वर नेम धरला, की मान आपोआप दस्त्यावरून पुढे सरकते आणि स्कोपची कडा डोळ्याजवळ येते. हे मला माहीत होतं. लोकांना शिकवलंही होतं. पण स्कोप मी उन्हाळ्यात, सदऱ्यावर, बाकावर ताठ बसून बसवला होता. गोळी सुटली आणि गरम काहीतरी डोळ्यात आलं. एल्क निघून गेली. बर्फावर लाल ठिपके पडले होते, सगळे माझेच.

तेव्हापासून स्कोप बसवताना हिवाळ्याचं जाकीट अंगात. झूम सगळ्यात मोठ्या आकड्यावर, कारण बऱ्याच स्कोपांत तिथे डोळ्याचं अंतर कमी होतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, उघडल्यावर चित्र पूर्ण दिसलं पाहिजे. उभ्याने, बसून, पालथं, तिन्ही तऱ्हांनी. डोळा आणि काच यांत चार इंच मिळत असतील तर साडेतीनवाला स्कोप मी घेत नाही, कितीही सवलत असो.

बाकीच्या, भराभर

बाकावर ओणवं होऊन रायफलवर ओठंगू नका. स्टूल खाली, बाक उंच, पाठ जवळजवळ ताठ. म्हणजे लाथ बसली की धड मागे झुलतं. वाकलात तर सगळं गळ्याच्या हाडावर येतं.

दस्त्याचा पुढचा भाग पिशवीवर नुसता टेकवून सोडू नका. जड रायफलला चालतं, हलकी उडी मारते. तिला डाव्या हाताने धरा, पण गळा दाबल्यासारखी नको.

शिशाच्या गोण्या लादून रायफल अडकवून ठेवायची ती स्टँडची युक्ती मला पसंत नाही. खांद्याने मागे जाऊन सोसायचा धक्का मग दस्ता आणि स्कोप सोसतात. आमच्या रेंजवर एकाचा लाकडी दस्ता मुठीने धरतो त्या बारीक जागी उभा चिरला. शिवाय अशी धरून साधलेली गोळी जंगलात हातातून दुसरीकडेच लागते.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचं भोकांचं टोपण, लाथ खरोखर कमी करतो, तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत. पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. रायफलचा आवाज आधीच १६० डेसिबलच्या पुढे असतो आणि १४० लाच कानाला इजा व्हायला लागते. कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही घाला. शेजाऱ्याला आधी सांगा. गाइड बरोबर असेल तर त्याला विचारल्याशिवाय ब्रेक लावून येऊ नका. त्याला अजून वीस वर्षं ऐकायचंय.

दस्त्याच्या मागच्या टोकाला जाड रबरी पॅड चढवला तर दस्ता लांबतो, मग जाकिटात अडकतो. मोजून घ्या.

स्कोपच्या रिंगांचे स्क्रू अंदाजाने पिळू नका. छोटा टॉर्क पाना मिळतो, तो घ्या. बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर कसा आणि हंगामाआधी पुन्हा तपासा. हलक्या मॅग्नमवर ते सैल होतात.

आणि एका दिवसात वीस गोळ्या झाडू नका. तो नाशिककर आता दहाच आणतो. मी तर मोठ्या काडतुसाच्या दहा झाल्या की उरलेला डबा गाडीत नेऊन ठेवतो, कुलूप लावतो आणि पॉइंट टू टू काढून बसतो.