पत्र गेलं, जावक क्रमांकही पडला, केंद्रावर मात्र जुनंच चालू: या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यात आरोग्याचा एखादा शासन निर्णय (जीआर) खाली उतरायला लागला की त्याला लगेच तीन फाटे फुटतात. एक फाटा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत शहापूर-मुरबाडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत जातो. दुसरा जिल्हा शल्यचिकित्सकांकडून उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांकडे. तिसरा महापालिकांच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडून नागरी आरोग्य केंद्रांकडे, आणि अशा महापालिका या एका जिल्ह्यात सहा आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर. प्रत्येक ठिकाणी आवक-जावक वेगळी, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, मासिक सभेचा दिवस वेगळा. तेव्हा खाडीच्या अलीकडे लागू झालेला बदल पलीकडे पंधरा दिवसांनी पोचला, तर त्यात नवल नाही. वैताग येतो तो चुकांचा, कारण त्या दर वेळी त्याच असतात.

‘उचित कार्यवाहीस्तव’ लिहून मोकळं होणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. वरून आलेल्या पंधरा पानी पीडीएफला चार ओळींचं पत्र जोडायचं, ‘संदर्भीय पत्र माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असं लिहायचं, सही, शिक्का, फाइल बंद. उचित म्हणजे काय, ते कोणी करायचं आणि कधीपर्यंत, हे वाचणाऱ्याने शोधून काढायचं. वैद्यकीय अधिकारी ओपीडी आटोपून तेच पत्र केंद्राच्या ग्रुपवर ढकलतात, खाली पाच-सहा अंगठे उमटतात, आणि सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं.

याने काय होतं ते एका नागरी केंद्राच्या उदाहरणावरून पाहा. नाव घेण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२३ पासून लसीकरणाच्या वेळापत्रकात एफआयपीव्हीचा (त्वचेत थोड्या मात्रेत द्यायच्या पोलिओ लसीचा) तिसरा डोस आला. कागदावर बदल एका ओळीचा: नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसबरोबर, ०.१ मिली, त्वचेत, डाव्या दंडावर. पत्र वेळेत पोचलं होतं, एएनएमने (लस देणाऱ्या परिचारिकेने) वाचलंही होतं. अडलं ते औषध भांडारात. औषध निर्माण अधिकाऱ्याने ०.१ मिलीच्या एडी (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंजची मागणी जुन्याच हिशेबाने पाठवली, कारण ते पत्र त्याच्या टेबलावर आलंच नव्हतं. महिन्याला ४० बाळं, याच सिरिंजने द्यायची बीसीजी लस प्रसूतिगृहातच होते, म्हणजे सहा आणि चौदा आठवड्यांच्या दोन डोसना ८० सिरिंज, वर दहा टक्के वाया जाणाऱ्या धरून ८८. तिसरा डोस धरला असता तर हाच आकडा १३२ झाला असता.

महिना संपायच्या आठवडाभर आधी सिरिंज संपल्या. ०.५ मिलीच्या सिरिंजने त्वचेत नेमकं ०.१ मिली देता येत नाही, म्हणून नऊ महिन्यांच्या बाळांना फक्त गोवर-रुबेला देऊन परत पाठवलं. लस आयएलआरमध्ये (लसींच्या फ्रिजमध्ये) शिल्लक होती. उघडलेली कुपी नियमाप्रमाणे ठेवली तर २८ दिवस चालते, तीही होती. नव्हती ती सिरिंज. त्यात टॅली शीट (दिलेले डोस नोंदवायचा तक्ता) जुनीच. तिच्यात तिसऱ्या डोसचा रकाना नसल्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला दिलेले डोस दुसऱ्या डोसच्या रकान्यात चढले. अहवालात एफआयपीव्हीचा दुसरा डोस अचानक फुगलेला आणि तिसरा शून्य. वरून खुलासा मागवला गेला, आणि आशा कार्यकर्त्यांनी ड्यू-लिस्ट (डोस बाकी असलेल्यांची यादी) घेऊन तीच बाळं पुन्हा घरोघर शोधली. मधल्या काळात काही कुटुंबं गावी गेलेली.

यात पत्र न मिळाल्याची तक्रार कोणालाच करता आली नसती. चूक एवढीच, की बदल एका टेबलावर पोचला आणि तो लागणारी टेबलं चार होती: जो सेवा देतो, जो साठा मागवतो, जो नोंद करतो आणि जो लाभार्थ्याला बोलावतो.

म्हणून माझा आग्रह पहिल्या पानाचा. जीआर मागे जोडा, पण वर एक पान स्वतः लिहा. डावीकडे ‘आतापर्यंत’, उजवीकडे ‘आतापासून’, असे दोन रकाने. खाली पदनामानुसार काम, प्रत्येकी एक ओळ:

एएनएम: नऊ महिन्यांच्या बाळाला उजव्या दंडावर गोवर-रुबेला, डाव्या दंडावर एफआयपीव्ही-३.
औषध निर्माण अधिकारी: ०.१ मिली एडी सिरिंजची मागणी दीडपट. ई-औषधीत (औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत) आजचा साठा पाहून फरक आजच कळवा.
डेटा एंट्री ऑपरेटर: नवी टॅली शीट वापरा, ती येईपर्यंत जुन्या शीटवर हाताने रकाना आखा, दुसऱ्या डोसमध्ये नोंदवू नका.
आशा, गटप्रवर्तक: गोवर-रुबेला बाकी असलेल्या नऊ ते बारा महिन्यांच्या बाळांची यादी, सत्राच्या आदल्या दिवशी.

शेवटी शंका विचारायला एक नाव आणि एक मोबाइल नंबर. कार्यालयाचा लँडलाइन देऊ नका, तो कोणी उचलत नाही. या पानाला पाऊण तास लागतो. ‘एवढा वेळ कुठे आहे’ असं म्हणणारेच पुढे खुलासे गोळा करण्यात आठवडा घालवतात.

नव्याने रुजू झालेले काही कार्यक्रम समन्वयक याच्या जागी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) चाळीस स्लाइड दाखवतात. कसारा-डोळखांबच्या पट्ट्यात आवाज तुटतो, अर्धे जण म्यूटवर केसपेपर लिहीत असतात, आणि हजेरीचा स्क्रीनशॉट मात्र शंभर टक्के. व्हीसी घ्या, पण ते पान आधी पोचू द्या आणि व्हीसीत फक्त शंका घ्या. जीआर मोबाइलमधल्या ॲपला देऊन ‘सारांश’ काढणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: त्या सारांशातून पहिली गळते ती ‘…वगळून’ असलेली ओळ.

लागू कोणाला, हे न पाहता सगळ्यांना पाठवणं

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतल्या संस्थांमध्ये तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, स्त्री आणि जिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात आले. महापालिकेची रुग्णालयं त्या विभागाची नाहीत, त्यांचे दर महापालिका ठरवते. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयंही वेगळी. बातम्यांत मात्र ‘सरकारी रुग्णालयात मोफत उपचार’ एवढंच आलं, आणि लोकांच्या लेखी पालिकेचा दवाखानाही सरकारीच.

अशा वेळी दोन प्रकारे घोटाळा होतो. कोणी तो जीआर जसाच्या तसा पालिकेच्या केंद्रांच्या ग्रुपवर टाकतं, आणि खिडकीवरचा लिपिक गोंधळून एका दिवशी पैसे घेत नाही, दुसऱ्या दिवशी घेतो. लेखापरीक्षणात ती पावतीपुस्तकं कोणाच्या गळ्यात येतात ते सांगायला नको. दुसरा प्रकार जास्त सरसकट: ‘आपल्याला लागू नाही ना, मग कशाला कळवायचं’ म्हणून पालिकेच्या केंद्रांना काहीच सांगितलं जात नाही. खिडकीवर रुग्णाचा नातेवाईक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन उभा, आणि आतल्या माणसाकडे उत्तर नाही. भांडण ठरलेलं.

म्हणून लागू नसलेला बदलसुद्धा कळवायचा, दोन ओळींत: हा निर्णय अमुक विभागाच्या संस्थांसाठी आहे, आपल्या केंद्रांचे दर पूर्वीप्रमाणेच, विचारणा झाल्यास असं सांगा. आणि जीआर हातात आला की प्रस्तावना नंतर वाचा. आधी ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचा मजकूर आणि त्यातला ‘अखत्यारीतील’ हा शब्द शोधा. शेवटच्या प्रत-यादीत महापालिका आयुक्तांचं नाव दिसलं म्हणजे निर्णय महापालिकेला लागू झाला, असं नाही.

याच जातीची आपल्याकडची खास चूक खारघरची. खारघर, कामोठे, कळंबोलीला सगळे नवी मुंबई म्हणतात, पण हे नोड २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत आहेत आणि जिल्हा रायगड. उलव्याचाही जिल्हा रायगड. तिथल्या केंद्रांची नावं ठाण्याच्या वितरण यादीत टाकली की त्यांना पत्र दोनदा तरी जातं किंवा दोघांनीही दुसऱ्यावर सोडल्यामुळे एकदाही जात नाही. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, तरी जुनी एक्सेल कॉपी करत आलेल्या याद्यांत जव्हार-मोखाड्याची नावं अजून सापडतात. यादी दर सहा महिन्यांनी नव्याने, पदनामाने करा. व्यक्तीच्या नावाने केलेली यादी पहिल्या बदल्यांच्या हंगामात मोडते.

जीआरची तारीख हीच अंमलाची तारीख समजणं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या विस्ताराचा शासन निर्णय २८ जुलै २०२३ चा: विमा संरक्षण प्रति कुटुंब दीड लाखावरून पाच लाख आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. मधल्या अकरा महिन्यांत ‘आता पाच लाख झाले’ असं सांगणारा आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) रुग्णाला खोटी आशा दाखवत होता, आणि त्याचा त्यात दोष नव्हता. पहिल्या पानावर अंमलाची तारीख ठळक लिहा. ती ठरलेली नसेल तर ‘तारीख स्वतंत्रपणे कळवली जाईल, तोवर जुनंच’ असं स्पष्ट लिहा. मोकळी सोडलेली जागा प्रत्येक जण आपल्या सोयीने भरतो.

पैशांचा बदल असला तर आणखी एक प्रश्न हमखास येतो. क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेत महिन्याचे ५०० रुपये १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पहिला फोन येतो तो ऑक्टोबरात उपचार सुरू झालेल्या रुग्णाचा: उरलेला हप्ता कुठल्या दराने? ज्याला हे विचारलं जाणार, त्या क्षयरोग पर्यवेक्षकाला उत्तर मार्गदर्शक सूचनेतल्या परिच्छेद क्रमांकासह आधीच द्या. नाहीतर तो शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याला विचारतो, आणि तोही अंदाजच सांगतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फॉरवर्ड झालेला जीआर खरा आहे का, हे न पाहता पुढे पाठवणं. शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक बघा: पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस, शेवटचे दोन विभागाचे, सार्वजनिक आरोग्य विभागाचे १७. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून फाइल उघडली नाही, तर पत्र टेबलावरच ठेवा.

शुद्धीपत्रक मूळ जीआरपासून वेगळं पाठवणं. लोकांच्या मोबाइलमध्ये मूळच जपून राहतं. दोन्ही एकत्र करून, वर ‘सुधारित’ लिहून, नव्या नावाने फाइल पाठवा.

फाइलला ‘स्कॅन००४७’ असं नाव देणं. हा निव्वळ आळस. तारीख, विषय, ‘अंमल अमुक तारखेपासून’, एवढं नावातच आलं तर सहा महिन्यांनी शोधता येतं.

‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ हे वाक्य वाचूनही कोणता जुना जीआर रद्द झाला ते न सांगणं. केंद्राच्या भिंतीवर तोच जुना लावलेला असतो. क्रमांक सांगा आणि काढायला सांगा.

प्रभारी अधिकाऱ्याला वगळणं. दोन केंद्रांचा पदभार असलेल्या डॉक्टरचं नाव एकाच केंद्रापुढे असतं, दुसरं केंद्र कोरडं.

शनिवारी संध्याकाळी पाठवणं. सोमवारी सकाळी त्यावर दोनशे ‘सुप्रभात’ चढलेले असतात.

पोच म्हणजे पुरावा समजणं

निळ्या टिका, ‘नोटेड सर’, आवक शिक्क्याचा फोटो, यांनी एवढंच कळतं की कागद पोचला. पंधरा दिवसांनी तीन केंद्रं निवडा: एक डोंगरातलं, एक झोपडपट्टीतलं नागरी आणि एक असं की ज्याच्याकडून कधीच शंका येत नाही. शेवटच्याचा निकाल बहुधा वाईट निघतो. फोन वैद्यकीय अधिकाऱ्यांना करू नका, ते पत्र वाचून दाखवतील. औषध निर्माण अधिकाऱ्याला आजचा साठा आकड्यात विचारा. एएनएमला मागच्या सत्रातल्या शेवटच्या बाळाला काय काय दिलं ते विचारा. डेटा ऑपरेटरकडून कालच्या टॅली शीटचा फोटो मागवा, आणि फोटो येईपर्यंत फोन ठेवू नका. तिघांपैकी एक जरी ‘बघून सांगतो’ म्हणाला, तर पहिलं पान पुन्हा पाठवा, यावेळी ग्रुपवर न टाकता थेट त्याच्या नंबरवर, त्याच्या कामाच्या ओळीखाली रेघ मारून.