मुलाखतीची गोष्ट करता करता वाक्यरचना कशी शिकवावी

केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्याच्या व्याख्या मुलांना पाठ असतात. तरीही निबंधातलं प्रत्येक वाक्य 'होता-होती-होते'वर येऊन थांबतं. व्याख्या जरा बाजूला ठेवा आणि मुलांना कुणाची तरी मुलाखत घ्यायला लावा.

'तुमचं काम कसं होतं?' असं विचारलं तर 'छान होतं' एवढंच हाती लागतं. 'पहिल्या दिवशी काय झालं ते सांगा' म्हटलं, तर प्रसंग मिळतो. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. सगळं उतरवत बसू नका, एकाच प्रसंगाची दोन मिनिटं पुरतात. मात्र 'मग', 'म्हणजे' यांच्यासकट जसंच्या तसं उतरवा. समजा, एका निवृत्त नर्सबाई म्हणाल्या:

"मग काय, पहिली रात्रपाळी. वॉर्डात मी एकटीच. म्हणजे मोठ्या सिस्टर होत्या, पण वरच्या मजल्यावर. बारा वाजता लाइट गेले. मला काहीच सुचेना. एक आजोबा म्हणाले, पोरी, बॅटरी माझ्या उशाखाली आहे, घे. मी काढली, ती सकाळपर्यंत हातातच."

आता कागदाच्या पट्ट्या कापा आणि एका पट्टीवर एकच गोष्ट लिहायला सांगा. कुणीतरी हमखास 'त्या खूप घाबरल्या' अशी पट्टी लिहितं. मुलाखतीत ते कुठे आहे, एवढंच विचारा. 'सुचेना' म्हणजे 'घाबरल्या' नव्हे. ती पट्टी बाजूला जाते.

खरा वेळ द्यायचा तो पट्ट्या जोडण्याला. 'मोठ्या सिस्टर होत्या, पण वरच्या मजल्यावर होत्या' यात दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या आहेत. हे संयुक्त वाक्य. 'जेव्हा लाइट गेले, तेव्हा त्या एकट्याच होत्या' यात लाइट मागे सरकतात आणि एकटेपण पुढे येतं, हे मिश्र. पुढे काय आणायचं आणि मागे काय ठेवायचं, हे मुलांनी ठरवावं. व्याकरणाचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

जोडताना 'काढून', 'सांगून' यांतल्या 'ऊन' प्रत्ययावर लक्ष ठेवा. 'बॅटरी काढून त्यांनी हातात धरली' बरोबर आहे, कारण दोन्ही कामं एकाच व्यक्तीची. 'आजोबांनी सांगून त्यांनी बॅटरी काढली' मात्र कानाला खटकतं. करणारा बदलला की सहसा 'सांगितल्यावर' लागतं. मोठ्याने वाचलं की ही चूक मुलं स्वतःच पकडतात.

'मी'चं 'त्या' करताना आणखी एक गोंधळ होतो. 'त्यांनी सांगितलं की त्यांना काहीच सुचेना' यात 'त्यांना' म्हणजे नक्की कुणाला? मराठीत यावर सोपा उपाय आहे, 'आपण': 'आपल्याला काहीच सुचेना, असं त्या सांगतात.' आजोबांचं वाक्य मात्र अवतरणातच राहू द्या. त्यातली 'पोरी' ही हाक गेली, तर आजोबाच गेले.

शेवटी सगळी वाक्यं लांब झाली नाहीत ना, ते बघा. जोडायला शिकलेली मुलं सगळंच जोडत सुटतात. अंधार पडतो तिथे वाक्य तोडायला सांगा:

"रात्रीचे बारा. लाइट गेले. मोठ्या सिस्टर वरच्या मजल्यावर असल्याने वॉर्डात नर्सबाई एकट्याच होत्या. आपल्याला काहीच सुचेना, असं त्या सांगतात. तेवढ्यात एका आजोबांचा आवाज आला, 'पोरी, बॅटरी माझ्या उशाखाली आहे, घे.' उशाखालून काढलेली ती बॅटरी सकाळपर्यंत त्यांच्या हातातच राहिली."

लिहून झालं की ज्यांची मुलाखत घेतली, त्यांनाच वाचून दाखवा. 'अगं, आजोबा आधी बोलले, लाइट नंतर गेले,' असं त्या म्हणाल्या, तर पट्ट्या पुन्हा टेबलावर मांडा.