निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाला उद्घाटनाच्या दिवशी जाताना

मुंबईत काळा घोड्याला १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे. प्रवेश मोफत, निमंत्रणपत्रिका नसली तरी बिनधास्त जा. फक्त दीपप्रज्वलन आणि भाषणं सुरू झाली की चित्रांपुढे गर्दीची भिंत उभी राहते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

आधी न थांबता एक फेरी मारा, मग थांबवणाऱ्या चार-पाच चित्रांकडे परत या. २२ बाय ३० इंचाचा पूर्ण कागद असेल तर पाच-सहा फुटांवरून बघा; तिथून डोंगर, धुकं, पाणी आपापल्या जागी बसतात. मग हातभर अंतरावर या. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कोरा कागद राखतात. घाटाच्या पायरीवरचं ऊन म्हणजे बहुधा तोच न रंगवलेला कागद. काचेत दिवा चमकत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. फोटो विचारूनच, फ्लॅश बंद ठेवून.

चित्रकाराला ‘किती वेळ लागला?’ सगळेच विचारतात. त्यापेक्षा जागेवर बसून केलं की फोटोवरून, हे विचारा, गप्पा रंगतात.

शेजारी लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. किंमत टेबलावरच्या यादीत बघा, फ्रेम धरून आहे का ते विचारा. कागद काचेला थेट चिकटलेला नको, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा. नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.