अंगणात समुद्र: १८१९ ची आरमारी मोहीम पोरांना कशी मांडून दाखवायची

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे चोपड्याला बहिणीची दोन आणि शेजारची तीन अशी पाच पोरं अंगणात असतात, आणि मोबाईल काढून घेतला की त्यांच्या हाताला काहीतरी द्यावंच लागतं, नाहीतर घर डोक्यावर. दोन वर्षांपासून मी त्यांना अंगणात आरमारी मोहीम मांडून देतो. आजीने पहिल्याच दिवशी विचारलं, "हाऊ समुंदर कथा शे रे भो?" (हा समुद्र कुठे आहे रे भाऊ?) बरोबरच आहे तिचं, आपल्याकडे पाणी म्हणजे तापी नाहीतर टँकर. पण हीच तापी सुरतेला समुद्राला मिळते, आणि आपल्याच तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात १८१८ साली जी शिबंदी इंग्रजांशी लढली ती अरबांची होती. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपने किल्ला घेतला, किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. पोरांना सुरुवात इथून करून द्या. अरब थाळनेरपर्यंत आले कसे, हे विचारलं की समुद्र आपोआप येतो.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या वर्षी मी सगळंच घ्यायला गेलो, १८१६ चा अल्जीयर्सवरचा तोफमारा, बोर्निओत चाच्यांशी लढणारा इंग्रज ब्रूक, चीनचा किनारा, आणि अर्ध्या तासात पोरं चिवडा खायला उठून गेली. एकच मोहीम घ्या. रास-अल-खैमा या आखातातल्या अरबी बंदरावरची इंग्रजांची १८१९ ची मोहीम सगळ्यात सोपी पडते, कारण निघते मुंबईहून, तारखा सरळ आहेत आणि शेवट कागदावर होतो.

जागा लागेल साधारण दहा-बारा वीत लांब. एक वीत म्हणजे २०० किलोमीटर धरा. उत्तर खरी उत्तरच ठेवा, उगाच दाराकडे फिरवू नका. खाली उजवीकडे मुंबई, तिथून वर डावीकडे दहा विती मोजल्या की रास-अल-खैमा. वाटेत मस्कत, मग होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी आणि आत इराणचं आखात. किनारा रांगोळीने काढू नका! का ते पुढे कळेल. गेरू भिजवून काढा.

आता वारा, आणि सगळी गंमत इथेच आहे म्हणून इथे घाई करू नका. शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं हे पोरांना माहीत असतं, पण वारा ऋतूवर चालतो हे नसतं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा एवढा उसळतो की नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरं बंदच. दिवाळीच्या सुमारास वारा फिरून ईशान्येचा होतो, समुद्र शांत होतो, तेव्हा कुठे ताफा हलतो. १८०९ ला पहिल्यांदा इंग्रजांनी रास-अल-खैमावर हल्ला केला तो नोव्हेंबरात, आणि १८१९ चा ताफाही मुंबईहून नोव्हेंबरातच निघाला. शेतकऱ्याच्या पोराला हे लगेच पटतं, पेरणीची वेळ चुकली की गेलं वर्ष, तसंच. दाखवायला स्टँडचा पंखा घेऊन ईशान्य कोपऱ्यात ठेवा. मी पंखा लावला आणि आईने सकाळपासून घातलेली रांगोळी अरबस्तानासकट तुळशीत जाऊन पडली, तेव्हापासून गेरू. दुसरा छोटा टेबल फॅन आखाताच्या वरच्या टोकाला ठेवून खाली वळवा, तो 'शमाल', आखातातला वायव्येचा वारा. होर्मुझ ओलांडून आत शिरलं की तो थेट तोंडावर.

जहाजं केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालपटाची, करा, चोपडा-रावेर-यावलकडे त्याला तोटा नाही. ताजं सोपट घेऊ नका, चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, दोन दिवस सुकलेलं घ्या. आतून ते आधीच खोलगट असतं, हातभर तुकडा कापून दोन्ही टोकं बाभळीच्या काट्याने टाचली की झालं गलबत. सगळ्यात मोठं जहाज 'लिव्हरपूल', ५० तोफांचं, त्यावर कॅप्टन कॉलियर. फौज साधारण ३,०००, आणि वर जनरल विल्यम ग्रँट कीर. हा गडी त्याच वर्षी फेब्रुवारीत सावंतवाडीच्या मुलखात रेडी आणि निवतीचे किल्ले घेऊन, मार्चमध्ये कच्छात भूज घेऊन आला होता, म्हणजे एका वर्षात तीन किनारे. मस्कतचा राज्यकर्ता सय्यद सईदही आपली माणसं घेऊन सामील झाला, त्याचं रास-अल-खैमाच्या लोकांशी जुनं वैर.

समोरची बाजू कोणाला तरी द्याच, नाहीतर खेळ एकतर्फी होतो. समोर कासिमी ही अरब जमात, अरबीत 'कवासिम', आणि त्यांचा म्होरक्या रास-अल-खैमाचा शेख हसन बिन रहमा. इंग्रज त्यांना चाचे म्हणायचे, १८०८ मध्ये 'मिनर्व्हा' जहाज त्यांनी पकडलं त्याचा बोभाटा मोठा झाला. पण ते व्यापारी पण होते, मोती काढणारे पण होते, आणि मस्कतशी त्यांची लढाई चालूच होती. शारजाचे आजचे सत्ताधीश स्वतः इतिहासाचे अभ्यासक आहेत, त्यांचं तर म्हणणंच असं की चाचेगिरीचा शिक्का ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या व्यापारासाठी मारला. पोरांना एवढंच विचारा की इंग्रजी पुस्तकांत कान्होजी आंग्रे कोण? पायरेट. आणि आपल्याकडे? सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. आमचा मोठा भाचा यावर पाच मिनिटं गप्प होता, जे घरात कधी होत नाही.

हल्ला मांडताना उथळ पाणी विसरू नका. रास-अल-खैमा वाळूच्या जिभेवर वसलेलं, मागे खाडी, तटबंदी आणि बुरूज. मोठं जहाज जवळ गेलं तर रुतणार, म्हणून तोफा जहाजावरून उतरवून किनाऱ्यावर ओढाव्या लागल्या. २४ पौंडी तोफेचा गोळा जवळपास ११ किलोचा, केळीच्या चांगल्या घडाच्या निम्मा, तो पोरांना उचलायला लावा. तोफ स्वतः दोन-अडीच टनांची. काही दिवस मारा झाला आणि ९ डिसेंबर १८१९ ला फौज आत शिरली तर गाव जवळजवळ रिकामं. मग धाया, डोंगरावरची गढी, त्यासाठी टोपलं पालथं घालून वर वीट ठेवा आणि दगड बांधलेली सुतळी टोपल्यापर्यंत ओढायला सांगा, कारण तिथेही तोफा अशाच ओढत नेल्या होत्या. २२ डिसेंबरला गढी पडली, आतून बायकापोरं सोडून सुमारे ४०० पुरुष निघाले, लढणारे त्यात निम्मेही नव्हते. हे वाक्य मी हळू आवाजात सांगतो.

बहुतेक जण इथे थांबतात, थांबू नका. ८ जानेवारी १८२० पासून तह झाला, एकेक शेख येऊन सही करत गेला. त्यात गंमत अशी की प्रत्येक जहाजाला कागद हवा, लांबी किती, रुंदी किती, माल किती मावतो, आणि बंदरातून निघताना दुसरा कागद, मालक कोण, नाखवा कोण, माणसं किती, हत्यारं किती, चाललंय कुठे. म्हणजे आरसी बुक आणि परमिटच की! वहीचं पान फाडून प्रत्येक सोपटाचा कागद करायला लावा, पोरांना लढाईपेक्षा हेच जास्त आवडतं, आमच्या धाकटीने तर एका जहाजाला पीयूसी नाही म्हणून दंड लावला. झेंडा लाल, भोवती पांढरी किनार, जुन्या ओढणीचा होतो. शारजा आणि रास-अल-खैमाचा झेंडा आजही तसाच आहे, मोबाईलवर दाखवा, तेवढ्यापुरता द्या परत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पळवून गुलाम म्हणून नेणं म्हणजेच चाचेगिरी, असंही त्या तहात लिहिलंय. पुढे १८३५ ला मोत्यांच्या हंगामापुरता समुद्रावरचा तह, आणि १८५३ ला कायमचा, हे दोन वाक्यांत उरका.

सगळं मिळून अडीच तास लागतात, मध्ये चहा-फराळ धरून. पंखे बंद केल्यावरच गलबतं उचला. आमची बकरी खाऊन गेली ती वेगळी गोष्ट.

पुढच्या वर्षी पोरांना ओमानातली बनी बू अलीची लढाई हवी आहे, १८२० मध्ये इंग्रजांचा तिथे सपाटून पराभव झाला आणि दुसऱ्या वर्षी मोठी फौज न्यावी लागली. पण ते सगळं वाळवंटात आहे, आणि ट्रॅक्टरभर वाळूचा आजकालचा भाव बघता मी अजून हो म्हटलेलं नाही.