लघवी तपासायला पाठवण्याआधी

वृद्धाश्रमात नर्स म्हणून रात्रपाळी करताना सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: "सिस्टर, आजींच्या लघवीला वास येतोय, तपासायला पाठवू?" माझं उत्तर ठरलेलं. आधी आजींना बघू.

वृद्धाश्रमातल्या पाव ते निम्म्या स्त्रियांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असेल, तर जवळजवळ सगळ्यांच्याच. म्हणजे बाटली पाठवली की रिपोर्ट बऱ्याचदा पॉझिटिव्ह येणारच, आणि तो हातात पडला की गप्प बसवत नाही कुणाला. गोळ्या सुरू होतात, साधे जंतू मरतात, चिवट उरतात. मग खरा ताप भरतो तेव्हा तोंडाने द्यायला औषधच शिल्लक राहत नाही, शिरेतून द्यावं लागतं.

म्हणून नुसता वास, गढूळपणा किंवा लघवीत बुडवायच्या तपासणी-स्ट्रिपचा बदललेला रंग यावर मी बाटली भरत नाही. नव्याने जळजळ सुरू झाली असेल, तर तेवढं पुरे. नाहीतर ताप, आणि सोबत यातलं काहीतरी नवीन हवं: सारखी किंवा घाईची लघवी, ओटीपोटात किंवा बरगडीखाली पाठीत दुखणं, लघवीत रक्त, कपड्यातच होणं. कॅथेटरवाल्यांना जळजळ सांगता येत नाही. तिथे ताप, हुडहुडी, पाठीतलं दुखणं किंवा अचानक आलेली भ्रमिष्टावस्था पाहायची.

कॅथेटर नसलेल्या आजी नुसत्याच बरळायला लागल्या तर? बहुतेक वाद इथेच होतात, नातेवाइकांशी तर हमखास. आधी पाणी किती गेलं, पोट कधी साफ झालं, नवी गोळी कोणती, साखर किती, कुठे दुखतंय का, हे बघा. डॉक्टरांना कळवा, पाणी पाजा, एक-दोन दिवस बारीक लक्ष ठेवा. पण थंडी वाजून ताप, धाप किंवा घसरलेलं बीपी दिसलं तर वाट बघायची नाही, लगेच फोन.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या. पुढून मागे स्वच्छ करा, पहिली धार सोडा, मधली निर्जंतुक बाटलीत घ्या. बेडपॅनमधली लघवी नको, आणि पिशवीतली तर कधीच नको! कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर आधी बदला आणि नव्याच्या पोर्टमधून (नमुना घ्यायच्या तोंडातून) घ्या, पोर्ट स्पिरिटने पुसून. दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये, पण जेवणाच्या नाही.

फोनवर "लघवी खराब आहे" म्हणू नका. असं सांगा: "ताप ३८.४ सेल्सिअस, काल रात्रीपासून. ओटीपोट दाबलं की कळवळतात. मागच्या रिपोर्टमध्ये ईएसबीएल होता, सिप्रो रेझिस्टंट. क्रिएटिनिन वाढलेलं आहे." ईएसबीएल म्हणजे बरीच अँटिबायोटिक निकामी करणारे चिवट जंतू, आणि सिप्रो रेझिस्टंट म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध त्यांच्यावर चालत नाही. शेवटचं वाक्य गाळू नका, क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी मंदावलेली असू शकते. नायट्रोफुरँटॉइन हे अँटिबायोटिक मूत्राशयापुरतं चांगलं, पण किडनी फारच मंद असेल किंवा संसर्ग किडनीत चढला असेल तर निरुपयोगी.

रिपोर्टमध्ये तीन-चार जातींचे जंतू दिसले तर नमुनाच बिघडलाय, पुन्हा घ्या. एकच जंतू असेल, तर चालू औषधासमोर एस (औषध चालतं) आहे की आर (चालत नाही) ते बघून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि औषध कधी बंद करायचं ती तारीख विचारून चार्टवर लिहा. बरं वाटल्यावर "खात्रीसाठी" पुन्हा कल्चर (जंतूंची तपासणी) करायचं नाही.

पिशव्या रिकाम्या करणाऱ्या मावशींना एकच सांगते: दर पेशंटला वेगळं भांडं, हातमोजे बदलायचे, हात धुवायचे, पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता.